सर्वात कमी वस्तीचा जिल्हा सिंधुदुर्ग? अर्धंच खरं

‘देशातला सर्वात कमी लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्ग’ हा फॉरवर्ड आठवडाभर फिरतोय. परळच्या आमच्या अभ्यासिकेत तर कुणीतरी तो फळ्यावर खडूने उतरवून खाली दोन रेघाही मारल्यात. परीक्षा देणाऱ्या पोरांनी तो पुसावा.

महाराष्ट्रापुरतं बरोबर आहे. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात 8,49,651 माणसं होती, राज्यात सर्वात कमी. 2001 पेक्षाही कमी. गावचे चाकरमानी इथे गिरगाव-लालबागेत, दुसरं काय! पण विरळ वस्ती हा वेगळा प्रश्न. त्यात राज्यात तळाला गडचिरोली आहे, चौरस किलोमीटरला 74 माणसं.

देशाचं उत्तर मात्र अरुणाचलातलं दिबांग व्हॅली. लोकसंख्या फक्त 8,004. लाख नव्हे, हजार! आपल्याकडच्या चार-पाच मोठ्या टॉवरांत मावतील एवढी. क्षेत्रफळ मात्र 9,129 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून पंधरा पट. सगळा डोंगर आणि जंगल, तिबेटच्या सीमेला भिडलेला. इथले मूळ रहिवासी इदू मिश्मी.

‘एवढ्याशा वस्तीला जिल्हा कशाला?’ असंही कुणी विचारलंय. मुळात हा जिल्हा मोठा होता. 2001 मध्ये रोइंगकडचा खालचा, जास्त वस्तीचा भाग लोअर दिबांग व्हॅली म्हणून वेगळा झाला आणि वरचा डोंगराळ भाग उरला. मुख्यालय अनिनी. तिथे तालुक्यांऐवजी सर्कल असतात आणि जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर, म्हणजे आपला कलेक्टरच.