बागेचं पासबुक वेगळं हवं : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

सोलापुरातल्या बागांनी आपला रोजचा खर्च आपणच भागवावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरपट्टी भरतोच आहोत, मग बागेला वेगळं कमवायला का लावायचं? आज कमाई म्हणाल, उद्या गेटवर तिकीट लावाल, परवा बाग ठेकेदाराच्या घशात जाईल. आणि दिवसभर विड्या वळून संध्याकाळी नातवंडांना घेऊन बागेत येणाऱ्या पूर्व भागातल्या बाईनं मग बसायचं कुठे? हा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

तिकिटाबद्दल मी लेखात काहीच लिहिलं नाही, ती माझी चूक. आता स्पष्ट लिहितो : तिकीट नको, पाच रुपयांचंही नको. हजार विड्या वळल्याशिवाय जिथे मजुरी हातात पडत नाही, त्या घरातली पाच माणसं बागेत यायची तर पंचवीस रुपये होतात. मग ती येतच नाहीत. शिवाय तिकीट फाडायला बसवलेल्या माणसाचा पगारही त्याच गल्ल्यातून जाणार.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं उदाहरण मी जरा घाईनं दिलं, हेही कबूल. गर्दुल्ल्यांचा अड्डा झालेली ती बाग 1988 ते 1992 बंद ठेवून नव्यानं उभी केली. आज ती सरकारी अनुदानाशिवाय चालते, प्रवेशही फुकट आहे. पण तिच्याभोवती मॅनहॅटनमधल्या कचेऱ्या आहेत आणि त्या इमारतींचे मालक बागेसाठी जादा आकार भरतात. आपल्याकडे तो कोण भरणार? शिवाय हिवाळाभर तिथली हिरवळ स्केटिंगच्या बर्फाखाली आणि दुकानांच्या गराड्यात असते. आपल्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो तेव्हा मीही पाळण्यात बसायला जातो, पण बारा महिने गड्डा कुणालाच नको.

आपल्याला जवळचं उदाहरण इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं आहे. ते शहर नव्यानं वसवलेलं. तिथली उद्यानं सांभाळायला 1992 मध्ये एक स्वतंत्र न्यास केला, त्याला जमीन 999 वर्षांच्या करारानं दिली आणि सोबत सुमारे 2 कोटी पौंडांची भाड्यानं देता येईल अशी मालमत्ता दिली. त्या भाड्यावर झाडं, तळी, माळ्यांचे पगार चालतात. आपल्याकडे देवळाला इनाम जमीन असायची, तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती चालायची. तसंच हे. बागेला दहा गाळे नावावर करून द्या, भाडं बागेलाच जाऊ द्या.

‘बागेलाच’ या शब्दावर मी अडून का बसतो, ते सांगतो. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लहानशी बाग आहे, रहिवासीच चालवतात. वाढदिवसाला कोपरा भाड्यानं दिला जायचा, रोपं विकली जायची, पैसे बरे जमायचे. पण ते कॉलनीच्या एकाच खात्यात पडायचे. त्यातून गणपतीचा मांडव झाला, कमानीला रंग झाला. मग एप्रिलच्या शेवटी बोअरची मोटर जळाली. वर काढलेले पाइप हिरवळीवरच आडवे पडून होते आणि रिवाइंडिंगला खात्यात पैसे नव्हते. वर्गणी गोळा होईपर्यंत पाच आठवडे गेले. पारा 43 वर. माळीमामा सकाळी स्वतःच्या घरून दोन कॅन सायकलला अडकवून आणायचे आणि फक्त नवीन लावलेल्या कडुनिंबांना घालायचे, बाकीच्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत. घरी पाणी चार-पाच दिवसांआड येत असताना ते हे पाणी आणत होते. चौदापैकी नऊ झाडं वाचली. त्या बागेनं वर्षभर कमावलं होतं हो, फक्त तिचं पासबुक नव्हतं.

ठेकेदाराची तुमची भीती मला खरी वाटते. मुंबईत मैदानं सांभाळायला म्हणून दिली आणि काही ठिकाणी क्लब उभे राहिले. त्यावरून इतका गदारोळ झाला की 2016 च्या जानेवारीत मोकळ्या जागांच्या नव्या धोरणाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. म्हणून जमीन महापालिकेचीच राहावी. न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिन ब्रिज पार्कचा खर्च त्याच जागेत बांधलेल्या इमारतींच्या पैशातून निघतो, पण किमान 80 टक्के जागा बागेचीच राहील हे आधी ठरवलं गेलं. तसा आकडा आपणही आधीच कागदावर घ्यायला हवा. कार्यक्रमांना वर्षात किती दिवस, तेही. समितीत महापालिकेचा माणूस असावा, पण माळी असावा आणि रोज येणाऱ्या दोन बायकाही असाव्यात. जमाखर्च गेटवरच्या फळ्यावर, दर महिन्याला, मोठ्या अक्षरात.

घरपट्टीचा तुमचा मुद्दा मी सोडत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनंतरच्या बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणं ही नागरी कामं म्हणून लिहिलेली आहेत. जागा, कुंपण, पाण्याची मोठी लाइन हे कराच्या पैशातूनच व्हायला हवं. ‘संपूर्ण स्वावलंबी’ हा माझा शब्द जास्तच झाला, तो मी मागे घेतो. पण जळालेली मोटर दोन दिवसांत बसावी एवढा पैसा बागेच्या स्वतःच्या हातात असलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पूर्वी माळ्याला बागेतच खोली असायची, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. कुठल्या बागेत होती, पगार कोण द्यायचं, पाणी कुठून यायचं, हे सविस्तर लिहून पाठवाल का? पुढच्या लेखात मला ते हवं आहे.