"अर्धवट अभ्यास" म्हणणाऱ्या वाचकांना

तुमची कमेंट अशी: "लिव्हर आर्सेनिक निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं हे लिहिणं म्हणजे अर्धवट अभ्यास. मिथिल लागलेलं आर्सेनिक उलट जास्त घातक असतं. आणि भाताचं काय, लहान मुलांचं काय? लोकांच्या जिवाशी खेळू नका."

एक चूक माझी, जी तुम्हाला दिसलीही नाही: पाण्यातली आर्सेनिकची मर्यादा मी लिटरला ५० मायक्रोग्रॅम लिहिली होती, ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच १० वर आणलीय. काल रात्री दुरुस्त केलं.

आता अर्धवट अभ्यास. अहो, मी सहा वर्षं पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादला काढलीत, जिथे हापशाच्या पाण्यातच हे आर्सेनिकचं विष येतं, नवऱ्याची बदली होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या माशीचे (बंगालीत मावशीला माशी म्हणतात, हसू नका) तळहात बघितले असतेत तर असं फाडकन लिहिलं नसतंत, हाताला खरखरीत दाणे, छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग, आणि बिचारी हापशाचं पाणी इमानेइतबारे उकळून प्यायची, उकळून आर्सेनिक जातं थोडंच, पाणी आटून उलट घट्ट होतं.

आणि मिथिलचं (एक कार्बन नि तीन हायड्रोजनचा छोटा गट) मला सांगताय? पाच संयुजेचं (म्हणजे पाच बंध जोडलेलं) आर्सेनिक शरीरात आधी तीनचं होतं, मग लिव्हरमधलं एन्झाइम त्याला एक मिथिल लावतं, मग दुसरा. दोन लागलेलं बऱ्यापैकी पटकन लघवीतून जातं. मधलंच कुठेतरी अडकलं, म्हणजे एकच मिथिल लागलेलं तीन संयुजेचं, तर ते प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून बसतं आणि मूळ आर्सेनिकपेक्षाही वाईट. म्हणूनच ज्यांच्या लघवीत एक-मिथिलवाल्याचं प्रमाण जास्त त्यांना कातडीचे नि मूत्राशयाचे आजार जास्त दिसतात. फोलेट (पालेभाजीतलं एक ब-जीवनसत्त्व) कमी असेल तर हे दुसऱ्या मिथिलचं काम रेंगाळतं, माशीला मी पालेभाजी खा म्हणून उगाच मागे लागायचे का? "निकामी" हा शब्द मी सोपं करून वापरला, बरं, सैल होता. पण "बाहेर टाकतं" यात खोटं काय आहे? टाकतंच ना? कमेंट लिहायच्या आधी पूर्ण वाक्य तरी वाचायचं.

भात, मुलं वगैरे वेगळा विषय आहे, बघू कधीतरी. आणि जिवाशी खेळण्याचा आरोप करताना माणसाने आपलं नाव तरी लिहावं, नुसतं "एक वाचक" काय!