वर्षाला दहा जागा

साताऱ्याच्या शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तीन दिवस तापलाय. एका बाजूचं म्हणणं, डेहराडूनची मिलिटरी अकादमी ही इंग्रजांची देणगी, तेव्हा इंग्रज सरसेनापती चेटवुडच्या नावाचा तिथला जो चेटवुड हॉल, त्याचं नाव आधी बदला. दुसरी बाजू म्हणते, देणगीच, पण ते होते म्हणून शिस्त तरी लागली. माझं डोकं फिरलं ते दोघांच्याही ‘देणगी’ या शब्दाने.

मी इंग्लंडात कॅम्बर्लीत राहतो. ए-थर्टी रस्त्यावरून जाताना सँडहर्स्टचं, म्हणजे ब्रिटिश सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीचं, फाटक रोज दिसतं. इथे कोणी नावांवरून एवढं भांडत नाही, असं ग्रुपवर ठोकून दिलं. (ब्रिस्टलला 2020 साली लोकांनी गुलामांच्या एका व्यापाऱ्याचा पुतळा ओढत नेऊन बंदरात टाकला, ते मुद्दाम काढलं नाही.)

तर देणगी. 1918 मध्ये या सँडहर्स्टला भारतीय मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. दहा! महायुद्धात दहा लाखांवर माणसं समुद्रापार धाडणाऱ्या देशाला. आपल्या अपशिंग्याची एकट्या गावची 46 माणसं त्यात गेली. माझे पणजोबा मेसोपोटेमियातून हवालदार होऊन परतले. आणखी तीस वर्षं घासली असती तरी सुभेदार-मेजरच्या वर गेले नसते, आणि काल मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा तो ठोकावाच लागला असता.

कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात 1926 साली इथूनच अधिकारी होऊन बाहेर पडले. पुढची रीत अशी, की आधी एक वर्ष गोऱ्या पलटणीत काढायचं, मग ठरवून दिलेल्या आठ पलटणींपैकी एकीत जायचं. आठच का? बाकीच्या पलटणींत गोऱ्यावर काळ्याचा हुकूम चालायची वेळ येऊ नये म्हणून. त्या आठांत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियनही होती. याच थोरातांनी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानात कांगॉच्या लढाईत बटालियन लढवली.

डेहराडून 1 ऑक्टोबर 1932 ला 40 कॅडेटांवर सुरू झालं. त्याआधी विधिमंडळात ठराव झाले, 1925 ला भारतीय अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर स्कीन समिती बसली, गोलमेज परिषदेत तगादा झाला, मग चेटवुडची समिती, तिच्यात आपले डॉ. मुंजे. एवढं करूनही तिथून निघालेल्यांना पगार सँडहर्स्टवाल्यांपेक्षा कमीच. ही कसली देणगी? थकबाकी होती ती, हप्त्याहप्त्याने वसूल केलेली. आपल्याच लोकांनी खेटे घालून मिळवलेलं दुसऱ्याच्या नावावर का चढवता, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं टाइप करून पाठवलं. पाच मिनिटांत एकाचं उत्तर आलं, ‘ते ठीक आहे रे, पण तुझा पोरगा तिथल्या राजाची शपथ घेणार म्हणे?’

बायकोने कुणातरी वहिनींना सांगितलं असणार.

पोरगा सतरा वर्षांचा. शाळेत कॅडेट आहे, पुढे सँडहर्स्टचं डोक्यात घेतलंय. रविवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून बूट चमकवत बसतो. बोटावर फडकं, थेंबभर पाणी, टोकावर बारीक बारीक गोल, तासभर. गेल्या रविवारी मी त्याला चेटवुडचं ते वाक्य ऐकवलं. सगळ्यात आधी देश, मग तुझे जवान, तू स्वतः सगळ्यात शेवटी.

‘विच वन?’ मान वर न करता त्याने विचारलं.

मला वाटलं, जवानांबद्दल विचारतोय.

ग्रुपवर अजून उत्तर दिलेलं नाही. परवा रात्री मात्र ओसीआयचे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचे, नियम काढून वाचले. परदेशी सैन्यात असलेल्याला ते कार्ड मिळत नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. म्हणजे साताऱ्याला आजीला भेटायला जाताना त्याला व्हिसा काढावा लागेल. आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती दर फोनला विचारते, दिवाळीला येताय ना सगळे?