पारा कुणाचा, आणि पडतो कुणाच्या अंगणात

मी बारा वर्षं झाली कॅनडात राहते, ऑन्टारिओच्या वायव्य टोकाला थंडर बे मध्ये, आणि नोकरी अशा लॅबमध्ये आहे जिथे तळ्यातला गाळ, पावसाचं पाणी आणि मासे यांतला पारा मोजतात. त्यामुळे पाऱ्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये एकाच आठवड्यात दोन ठिकाणी हा विषय निघाला, एकदा इथे आणि एकदा घरच्या ग्रुपवर, आणि दोन्हीकडे लोक एकच वाक्य बोलत होते, फक्त बोट उलट्या दिशेला.

इथला किस्सा आधी सांगते. बोटी पाण्यात सोडतात त्या धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ गळ टाकायच्या तयारीत होते. ऑन्टारिओ सरकारचं माशांबद्दल एक गाइड आहे, कुठल्या तळ्यातला कुठला मासा किती सेंटिमीटर लांब असेल तर महिन्यातून किती वेळा खायचा ते त्यात तक्त्यात दिलंय, आणि लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी वेगळा रकाना. मासा जितका लांब तितका आकडा खाली येत जातो आणि काही ठिकाणी थेट शून्य. त्यांनी फोनवर तो तक्ता मला दाखवला आणि म्हणाले, हा सगळा पारा तिकडून येतो, तुमच्या आशियातल्या कोळशातून. भांडायला म्हणून नाही, अगदी दुःखानं म्हणाले, कारण नातवाला काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता. आणि कॅनडाचं सरकारही सांगतं की माणसाच्या कामांमुळे या देशात येऊन पडणारा ९५ टक्क्यांहून जास्त पारा बाहेरच्या देशांतून येतो.

त्याच आठवड्यात भारतात केंद्रानं बहुतेक कोळसा वीजयुनिट्सना एफजीडी बसवण्यातून सूट दिली. एफजीडी म्हणजे चिमणीच्या आधी धूर धुवून त्यातला गंधक काढायची यंत्रणा. ग्रुपवर चर्चा पेटली, आपल्या कोळशात गंधक कमीच असतो, खर्च किती, वीज महाग होईल वगैरे. पाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही म्हणून मी काढलं, कारण तोच धूर धुताना त्यातला पाण्यात विरघळणारा पाराही बराच अडकतो. माझा मावसभाऊ, दादा म्हणते मी त्याला, वीजक्षेत्रातच आहे, त्यानं लिहिलं, "यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि पारा तर जगभर फिरतो, आपण इथे थोडा कमी करून काय फरक पडणार?"

म्हणजे धक्क्यावरचे काका म्हणतात पारा तुमचा, दादा म्हणतो पारा त्यांचा. आमच्या लॅबमध्ये जे काम चालतं ते नेमकं याच प्रश्नावर आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाऱ्याचे सात स्थिर आयसोटोप आहेत, १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४. रसायनाच्या दृष्टीनं सगळे पाराच, फक्त वजनात फरक. २०२ सगळ्यात जास्त, जवळजवळ ३० टक्के, आणि १९६ तर इतका कमी की आम्ही बहुतेक वेळा तो मोजायच्या भानगडीत पडत नाही. आता पारा वाफ होतो, पाण्यात विरघळतो, जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे माशांत साठणारं विषारी रूप, करतात, अशा प्रत्येक पायरीला हलके अणू थोडे पुढे पळतात आणि जड मागे राहतात, म्हणून प्रमाण किंचित बदलत जातं. पण पाऱ्याची खरी गंमत दुसरीच आहे. २००७ मध्ये ब्रिजेट बर्गक्विस्ट आणि जोएल ब्लम यांनी दाखवलं की सूर्यप्रकाश पडला की १९९ आणि २०१ हे विषम आकड्याचे आयसोटोप वजनाच्या हिशोबाला न जुमानता वेगळेच वागतात, त्यांच्या केंद्रकाच्या चुंबकीय गुणामुळे. म्हणजे माशातला १९९ मोजला की त्या माशाच्या पोटात जाण्याआधी मिथाइल मर्क्युरीनं किती ऊन पाहिलं ते कळतं. आणि सम आकड्याचा २०० पावसाच्या पाऱ्यात थोडासा जास्त सापडतो, ते वातावरणात खूप वर होणाऱ्या प्रक्रियांचं लक्षण मानलं जातं. म्हणून एका नमुन्यातून तीन वेगवेगळ्या खुणा मिळतात, आणि एक फसली तरी दुसरी असते.

प्रत्यक्ष काम फार धीराचं आहे. गाळाची एक पातळ चकती भट्टीत तापवायची, निघालेली पाऱ्याची वाफ परमँगनेटच्या गर्द जांभळ्या पाण्यात अडकवायची. मग टिन क्लोराइड घालून पारा परत वाफ करून प्लाझ्मात सोडायचा, आणि यंत्रातलं चुंबक प्रत्येक आयसोटोपला वेगळ्या कपात पाडतं. सोबत थॅलियम सोडतो, कारण यंत्र स्वतःच वजनात जो भेदभाव करतं तो त्यावरून वजा करता येतो. आम्ही जो फरक शोधतो तो हजारात एक, कधी त्याचाही दहावा हिस्सा. शेजारच्या टेबलावर कुणी थर्मामीटर फोडला तर माझा आठवडा वाया.

आता यातून काय निघालं ते बघा. इथल्या पाच महासरोवरांच्या गाळाचा अभ्यास २०१५ मध्ये आला. ईरी आणि ऑन्टारिओ सरोवरांच्या तळाशी मुख्यतः कारखान्यांचा आणि आसपासच्या जमिनीवरून वाहून आलेला पारा, आणि सुपीरियर, ह्यूरॉन, मिशिगनमध्ये मुख्यतः हवेतून पडलेला. आमचं थंडर बे सुपीरियरच्या काठावर, म्हणजे धक्क्यावरचे काका अर्धे बरोबर आहेत, त्यांच्या पाण्यातला पारा मुख्यतः आकाशातूनच आलाय. पण आकाशातून आला म्हणजे आशियातून आला असं नाही. हवेत दरवर्षी जो पारा चढतो त्यातला साधारण ६० टक्के जुनाच असतो, पूर्वी कधीतरी पडलेला आणि जमिनीतून, समुद्रातून परत वर उठलेला, आणि त्या जुन्या साठ्यात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींपासून युरोप अमेरिकेच्या दीडशे वर्षांच्या धुराड्यांपर्यंत सगळं मिसळलंय. त्यातून देश ओळखणं आयसोटोपला जमत नाही, वेगवेगळ्या देशांच्या कोळशाच्या खुणा एकमेकांवर चढतात, आणि वाटेत ऊन पाऊस लागून त्या आणखी बदलतात. हे मी स्पष्ट सांगते कारण दोन्हीकडच्या लोकांना आमच्याकडून देशाचं नाव हवं असतं. आम्ही वाट सांगू शकतो, हवेतून की नाल्यातून, जवळून की लांबून.

आणि जवळ लांब हा मुद्दा दादानं नीट वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. फ्लोरिडात क्रिस्टल रिव्हर नावाचं कोळशाचं मोठं वीजकेंद्र आहे, त्याच्या आसपास पडणारा पाऊस गोळा करून २०१२ मध्ये त्याची आयसोटोपची मापं छापली गेली. तिथल्या पावसातल्या पाऱ्याची खूण नेहमीच्या पावसापेक्षा स्पष्ट वेगळी, हलक्या आयसोटोपकडे झुकलेली, म्हणजे चिमणीतून गेलेल्या पाऱ्यातला काही भाग जगभर फिरायला गेलाच नाही, तिथेच खाली आला. कारण साधं आहे. मूलद्रव्य रूपातला पारा हवेत महिनोन्‌महिने राहतो, पण धुरात ऑक्सिडाइज झालेला पारा पाण्यात विरघळतो आणि पहिल्या दुसऱ्या पावसात उतरतो. एफजीडीत अडकतो तोही हाच. जो भाग आपल्याच माणसांच्या अंगावर पडणार तोच भाग पकडायची सोय आहे, आणि आपण चर्चा करतोय फक्त गंधकाची! २०१५ च्या डिसेंबरमध्ये भारतानं वीजकेंद्रांसाठी पाऱ्याचीही मर्यादा ठरवली होती, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, आणि २०१८ मध्ये पाऱ्याचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, जपानच्या मिनामाता गावातल्या विषबाधेवरून नाव पडलेला मिनामाता करार, तोही मंजूर केला, पण त्या मर्यादेवर आपल्याकडे किती लोक वाद घालतात?

"काय फरक पडणार" याचं उत्तर तर माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या ड्राइव्हवर आहे. केनोराजवळ जंगलात शास्त्रीय प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या ६५८ नंबरच्या तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ पासून सात वर्षं मुद्दाम पारा सोडला, पण खुणेचा, तळ्यात २०२, आजूबाजूच्या चढावरच्या जंगलात २०० आणि दलदलीत १९८, म्हणजे माशात सापडलेला अणू कुठून आला ते ओळखता यावं. मग बंद केला आणि थांबून बघितलं. २०२१ मध्ये निकाल छापून आला. माशांत चढलेला खुणेचा पारा जवळजवळ सगळा थेट तळ्यात टाकलेलाच होता, जंगलातला जमिनीतच धरून राहिला. आणि टाकणं थांबवल्यावर आठ वर्षांत छोट्या माशांतला खुणेचा मिथाइल मर्क्युरी ८५ टक्क्यांहून जास्त उतरला, मोठ्या पाइक माशांतला सुमारे ७६ टक्के, व्हाइटफिशमधला ३८. म्हणजे नवीन पारा पडायचा थांबला की मासा दोन पिढ्यांची वाट बघत नाही, काही वर्षांत सुधारायला लागतो. जगातला जुना पारा तसाच असूनही.

हे सगळं लिहिताना कॅनडा किती शहाणा असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ऑन्टारिओनं कोळसा पूर्ण बंद केला हे खरं, शेवटचं केंद्र माझ्याच गावातलं, २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबलं, पण या प्रांताकडे अणुवीज आणि धबधबे होते, भारताला ते इतक्या लवकर जमणार नाही आणि तसं मागणंही अन्याय आहे. आणि त्याच केनोराच्या उत्तरेला ग्रासी नॅरोज नावाची वस्ती आहे. ड्रायडनच्या एका कारखान्यानं १९६२ ते १९७० मध्ये नऊएक टन पारा वाबिगून नदीत सोडला, खाली राहणाऱ्या मूळनिवासी लोकांचं जगणंच त्या नदीच्या माशांवर होतं. १९७५ मध्ये मिनामाताचे डॉक्टर मासाझुमी हारादा जपानहून येऊन त्यांना तपासून गेले. प्रांतानं नदी साफ करायला साडेआठ कोटी डॉलर जाहीर केले ते २०१७ मध्ये. तिथे आकाशातला पारा नाही, आशिया नाही, कारखान्यापासून निघून गाळात बसलेला, आणि गाळ तो पन्नास वर्षं झाली तरी सोडत नाही. काकांना मी हेच म्हटलं, त्यांना ग्रासी नॅरोज माहीत होतं, फक्त त्यांनी कधी ते आपल्या प्रश्नाला जोडलं नव्हतं.

आपल्याकडे तसंच कोडाईकनाल. हिंदुस्तान लिव्हरची थर्मामीटर फॅक्टरी पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ मध्ये बंद झाली, ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला २०१६ मध्ये, आणि मातीच्या सफाईचं उद्दिष्ट ठरलं किलोला २० मिलिग्रॅम. कंपनी म्हणते तो आकडा तिथल्या जोखमीच्या अभ्यासातून आलाय. मी ज्या देशात राहते तिथे घरांच्या आणि बागांच्या मातीसाठीची मर्यादा ६.६ आहे. माझ्या मुलीच्या खेळायच्या मैदानाला एक आकडा आणि फॅक्टरीला लागून असलेल्या पांबार शोलाच्या जंगलाला त्याच्या तिप्पट, हे मला पटत नाही, कितीही अभ्यास दाखवला तरी. आणि इथे आयसोटोप नेमके कामाला येतील, कारण खनिजातून काढलेल्या धातूच्या पाऱ्यावर उन्हाची ती १९९ ची खूण जवळजवळ नसते, तर पावसातून आलेल्या पाऱ्यावर असते, मग डोंगराखालच्या ओढ्यांच्या गाळात फॅक्टरीचा पारा कुठपर्यंत उतरलाय ते वेगळं काढायचा प्रयत्न तरी करता येईल.

दादाला मी शेवटी लांबलचक मेसेज केला. हैदराबादची एनजीआरआय, अहमदाबादची पीआरएल अशा संशोधन संस्थांमध्ये या जातीची यंत्रं आहेत. एखादं वीजकेंद्र निवडा जिथे एफजीडी बसणार आहे, बसायच्या आधी दोन पावसाळे आणि नंतर दोन पावसाळे चिमणीपासून पाच, वीस आणि शंभर किलोमीटरवर पाऊस गोळा करा, जवळच्या धरणातले तेच तेच मासे धरा, आणि आपल्या कोळशाची खूण आपणच मोजा. त्यानं लगेच विचारलं, बाटल्या कुठल्या लागतात. आम्लानं धुतलेल्या, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या, आणि झाकण लावायच्या आधी हातमोजे बदलायचे, असं मी त्याला लिहिलंय, बाकीचं रविवारी फोनवर सांगणार आहे.