आत्याला कोण सांगणार?

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला : ‘आत्याचा रिपोर्ट आलाय. तिच्यासमोर कॅन्सर हा शब्द कुणीही काढायचा नाही.’ खाली सोळा अंगठे. माझा नव्हता. मी इकडे इंग्लंडात, रेडिंगला असते. माझ्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून चार वर्षं झाली. अंगठा न देण्यावरून फोनवर जे वाजलं त्यात ‘तुमचं तिकडचं इकडे चालत नाही’ हे दोनदा ऐकलं.

तिकडचं सगळंच गोड नाही, हे आधीच कबूल करते. कॅन्सरच्या संशयावरून डॉक्टरांची तातडीची चिठ्ठी मिळाल्यापासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं उद्दिष्ट, आणि ते बऱ्याचदा हुकतं. मिरजेत आत्याचा स्कॅन संध्याकाळी झाला, सकाळी रिपोर्ट हातात. शिवाय इथं सांगतात ते तोंडावर, थोडक्यात. माझं शिक्षण इंग्रजीत, तरी सुरुवातीला मी शब्दांनाच ठेचकाळत होते. ‘पॉझिटिव्ह’ ऐकून बरं वाटायचं, आणि त्याचा अर्थ असायचा, शोधत होते ते गाठीत सापडलं. ‘मार्जिन क्लिअर’ म्हणजे काय ते नर्सनं हाफफ्राय काढून समजावलं : पिवळं म्हणजे गाठ, भोवतीचं पांढरं निरोगी, आणि आम्हाला ते पांढरं सगळीकडून हवंय.

कायद्याचा शब्द मात्र झोंबला. २०१० च्या समानता कायद्यानुसार इथं कॅन्सरचं निदान होताच माणूस ‘डिसेबल्ड’ धरला जातो. मी अपंग? ऑफिसच्या फॉर्मवर त्या चौकोनात खूण करायला मला दोन महिने लागले. ती केल्यावर घरून काम आणि तपासण्यांसाठी सुट्टी मागणं सोपं झालं. मेहेरबानी मागतोय असं वाटेनासं झालं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही.

पण माझा खरा मुद्दा काकांचा आहे. ‘सांगितलं असतं तर खचले असते’ असं त्यांच्याबद्दल अजून बोललं जातं. २०१९ मध्ये त्यांच्या आतड्यातली गाठ काढली, ‘साधीच होती’ म्हणून सांगितलं, फाईल मुलाच्या कपाटात गेली. २०२२ मध्ये काकांनी स्वतः एजंटला बोलावून आरोग्य विमा घेतला. मोठा आजार झाला होता का? नाही. त्यांच्या परीनं ते खरंच होतं. तिसऱ्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कंपनीनं आधीचा आजार दडवला म्हणून क्लेम नाकारला. (सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असा नकार देता येत नाही; पण काकांचं तिसरंच चालू होतं.) दडवलं आम्ही, खोटे ठरले ते. त्यांना कॅन्सर झाला होता हे त्यांना विमा कंपनीच्या पत्रातून कळलं.

सध्या महाराष्ट्रात मराठीवरून रान पेटलंय : पाट्या, शाळा, बँकेतला माणूस. पेटू दे, माझी ना नाही. पण दवाखान्यातल्या संमतीपत्राबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. आत्याच्या फॉर्मचा फोटो मी मागवला. ‘मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे’ हे वाक्य त्यात इंग्रजीत छापलंय, आणि सही चुलतभावाची. आत्या पूर्ण शुद्धीत, निवृत्त शिक्षिका. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणाचा निकाल दिला : तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईची संमती घेऊन काढलं होतं. कोर्टानं ती संमती धरली नाही. आत्याला तर भूलही दिलेली नव्हती.

परवा आत्याचाच फोन आला. चुलतभाऊ बाहेर गेला होता.

“रिपोर्टचा कागद सापडलाय गं. ग्रेड दोन म्हणजे स्टेज दोनच का?”

“नाही आत्या. ग्रेड म्हणजे पेशी कशा दिसतात ते. स्टेज म्हणजे तो कुठवर पसरलाय ते.”

“थांब,” ती म्हणाली, “वही आणते.”