"समजलं का?" विचारणं मी सोडून दिलंय

गेल्या वर्षीची गोष्ट. बीएस्सी नर्सिंग सेकंड इयरची केरळची एक मुलगी, मेडिकल वॉर्डला पोस्टिंग. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडची एक आजी तिला म्हणाली, "रातभर जोर येता गो बाय." मुलगी शाळेत हिंदी शिकलेली, जोर म्हणजे ताकद, तिने नोट्समध्ये लिहिलं की पेशंटला अंगात ताकद वाटतेय. कोकणीत जोर म्हणजे ताप हे तिला कोणी सांगितलं होतं? दुपारी थर्मामीटर लावला तर 102.

आणि मी काय केलं, तर आजीच्या कॉटपाशीच अख्ख्या बॅचसमोर तिला झापलं.

त्यानंतर तिने प्रश्न विचारणंच बंद केलं. काहीही सांगा, "येस मॅडम". मला वाटलं सुधारली. मग एकदा सलाईन लावताना तिचा हात रेग्युलेटरवर तसाच थांबलेला दिसला, मिनिटाला थेंब किती सोडायचे ते तिला कळलंच नव्हतं आणि मला विचारायची हिंमत होत नव्हती. त्या दिवशी मी खरंच घाबरले. ताप दोन तास उशिरा कळला ते निभावलं, पण न कळता येस म्हणणारी नर्स मीच तयार करत होते ना!

आमच्या बॅचला केरळ, कर्नाटक, मणिपूर, सावंतवाडी-दोडामार्ग आणि आमच्या डिचोली-पेडण्याच्या मुली एकत्र असतात. शिकवणं इंग्रजीत, पेशंट कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड काहीही बोलणार. लोक म्हणतात गोव्यात काम करायचं तर कोकणी यायलाच पाहिजे. बरोबरच आहे, यायलाच पाहिजे, पण ती पहिल्या दिवशी येत नाही म्हणून मुलगी ढ ठरत नाही. दोडामार्गची एक मुलगी मराठी मिडियमची, केअर प्लॅनमधलं इंग्रजी सगळं मोडकं, पण युरिन बॅग सकाळपासून जवळजवळ रिकामी आहे हे पूर्ण वॉर्डात पहिलं तिने पाहिलं आणि इनचार्ज सिस्टरला जाऊन सांगितलं. तिला मार्क कशाचे द्यायचे सांगा.

आता मी "काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग" म्हणते, लागलं तर हिंदीत, लागलं तर हाताने दाखवून. डोस असेल तर आकडा परत म्हणून दाखवायचा, फिफ्टीन की फिफ्टी, एकेक अंक सुटा सुटा. चूक झाली तर बाजूला घेऊन बोलायचं. आणि मणिपूरच्या मुलीला कोणी नातेवाईक "ही चायनाची काय?" म्हणाला तर तिथल्या तिथे सांगायचं की ही आमची सिस्टर आहे, भारतातलीच आहे. तिने एकटीने ते गिळायचं नाही. आमच्याच गोव्याच्या मुली उद्या ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देऊन इंग्लंड-आयर्लंडला जाणार, तिथे त्यांच्या उच्चारांना कोणी हसलं तर आपल्याला काय वाटेल?

त्या केरळच्या मुलीला मी सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर, जसं झापलं होतं तसंच. मग तिने सांगितलं की मल्याळममध्ये तापाला पनि म्हणतात, कर्नाटकची लगेच म्हणाली आमच्याकडे ज्वर. तिथून एक वही सुरू झाली. घुंवळ म्हणजे चक्कर, वोंक म्हणजे उलटी, खोंकली म्हणजे खोकला, समोर प्रत्येकीच्या भाषेतला शब्द. वही वॉर्डातच असते, अर्धी भरलीय.

तुमच्या घरची म्हातारी माणसं दुखण्याखुपण्याला जे शब्द वापरतात ते मला लिहून पाठवा, सत्तरी-सांग्याकडचे तर नक्की पाठवा. सोमवारी नवी बॅच वॉर्डला येतेय.