बारा पावलांवरच्या माणसाला मेल कसा लिहावा

राजेहो, मे महिना आहे, पारा ४५ला टेकलाय आणि ऑफिसातल्या कूलरचा पंप बंद पडलाय. पंखा फिरतोय, पण ताट्या कोरड्याठाक, त्यामुळे बाहेरच्या झळा थेट टेबलावर. अ‍ॅडमिनचा माणूस तुमच्यापासून बारा पावलांवर बसतो. उठून "भाऊ, पंप पाहा ना जरा" म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. पण बोलण्याचा पुरावा राहत नाही. सबब, मेल लिहावा. यात लाजण्यासारखं काही नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अ‍ॅटचं चिन्ह वापरून नेटवर्कवरचा पहिला मेल धाडला, तेव्हा धाडणारं आणि घेणारं अशी दोन्ही यंत्रं शेजारीशेजारीच होती. तुम्ही फक्त परंपरा पाळताय.

आधी मायना. शाळेत तीर्थरूप, चिरंजीव, सा. न. वि. वि. असं सगळं शिकवलं होतं, ते विसरा. आता पायऱ्या अशा: रजा हवी असेल तर 'रिस्पेक्टेड सर', काम हवं असेल तर 'डिअर सर', काम देताना 'हाय'. तिसऱ्या मेलपासून नुसतं नाव आणि स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामात जेवढा राग मावतो, तेवढा शिवीतही मावत नाही. समोर भेटल्यावर 'काय जी' म्हणणाऱ्या माणसाला हा स्वल्पविराम पहिल्यांदा आला की तो संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पाहत नाही. म्हणजे मायना बरोबर बसला.

मग चौकशी: 'होप यू आर डुइंग वेल'. तो समोर दुपट्ट्यानं मान पुसतोय, हे तुम्हाला दिसतंय. तरी लिहावं.

आता मुख्य मजकूर. नमुना घ्या: 'सदर कूलरबाबत माझ्या ६ तारखेच्या मेलचा कृपया संदर्भ घ्यावा. जेंटल रिमाइंडर. काइंडली डू द नीडफुल.' यात काय नाही ते नीट पाहा. कूलर कोणता, ते नाही. बिघाड काय, ते नाही. चुकूनही 'खिडकीजवळचा तीन नंबरचा कूलर, पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही, जाळीत क्षार बसले असावेत, नाहीतर १८ वॅटचा नवीन पंप लागेल, गुरुवारपर्यंत व्हावं' असं लिहू नका. एवढं कळलं तर तो माणूस सरळ इलेक्ट्रिशियनला फोन लावेल, दुपारपर्यंत ताट्या ओल्या होतील आणि तुमच्याकडे पुढचा मेल लिहायला कारणच उरणार नाही. 'नीडफुल' या शब्दाचं सौंदर्य हेच की गरज कोणाची आणि कशाची, ते दोघांनाही शेवटपर्यंत कळत नाही. उत्तर येईल, 'नोटेड'. याचा अर्थ, होणार नाही.

खरी कला आहे सीसीत. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कार्बन घालून तीन-चार प्रती निघायच्या, त्यातली शेवटची वाचायला उजेडात धरावी लागे, म्हणून माणूस प्रत कोणाला द्यायची याचा विचार करी. आता सत्तावीस जणांना घाला, सत्ताविसावी प्रतही ठळक. क्रम मात्र पाळा. पहिल्या मेलला सीसी रिकामा. दुसऱ्याला त्याचे साहेब. तिसऱ्याला मुंबईचं हेड ऑफिस, जिथे सेंट्रल एसी असतो. तिथून कोणीतरी 'रिप्लाय ऑल' करून विचारेल, 'व्हॉट इज ताटी?' पुढचे चार दिवस वाळा, गवत आणि लाकडाचा भुसा यावर चर्चा चालेल. पंपाला कोणी हात लावणार नाही.

बीसीसी जपून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, भर रस्त्यानं, ओरडत काढतो. बीसीसी म्हणजे तीच मारबत, पण बोळीबोळीनं. तुम्ही लपवून ठेवलेल्या माणसानं भाबडेपणानं 'रिप्लाय ऑल' दाबलं की त्याचं उत्तर 'टू' आणि 'सीसी'तल्या सगळ्यांकडे जातं आणि मारबत चौकात येते.

पाठवलेला मेल परत घेता येतो, या भरवशावर राहू नका. जीमेलमध्ये ही मुदत मुळात ५ सेकंदांची असते. सेटिंगमध्ये जाऊन ३० करून घ्या, कारण आपलं चुकलं हे कळायला माणसाला साधारण एकोणतीस लागतात. आउटलुकमधली 'रिकॉल'ची सोय कंपनीच्या आतल्या मेलपुरतीच. बाहेर गेलेला मेल गेला. वर, रिकॉल फसलं तर समोरचा तो मेल मुद्दाम उघडून, दोनदा वाचतो.

शेवटी समारोप. 'थँक्स इन अ‍ॅडव्हान्स' म्हणजे न झालेल्या कामाची वसुली. नुसतं 'रिगार्ड्स' म्हणजे अबोला. 'वॉर्म रिगार्ड्स' नागपुरात होळीनंतर पाठवू नयेत, पंप बंद असताना तर नाहीच. खाली नाव, हुद्दा, दोन मोबाइल नंबर आणि झाडाचं हिरवं चित्र: 'कृपया गरज असेल तरच प्रिंट काढा'. अ‍ॅडमिनचा माणूस फायलीसाठी प्रिंट काढतोच. दुसऱ्या पानावर फक्त ते झाड येतं.

अशा रीतीनं जून निम्मा सरतो. पाऊस येतो. कूलरला जुन्या फ्लेक्सचा बुरखा घातला जातो आणि सगळ्यांना मेल येतो: 'इश्यू क्लोज्ड. थँक्स टीम.' ही साखळी पुसू नका. मेलमधला 'री' म्हणजे रिप्लाय नव्हे, तो लॅटिनमधून आलेला 'या विषयासंबंधी'. आणि आपल्याकडे विषय एकदा पडला की बदलत नाही. डिसेंबरात अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतील तेव्हा गाड्या कुठून आणायच्या, ही सूचना याच साखळीत धाडावी: 'री: री: री: अर्जंट, कूलर'. स्वेटर घातलेली सत्तावीस माणसं ती उघडतील. त्यातला एक जण सगळ्यांना उत्तर देईल, 'नोटेड. पंपाचं काय झालं?'